शिडी नेणाऱ्याला केलेला नमस्कार

सर, तुम्ही गेल्यानंतर मूकपटांतल्या त्या विनोदी नटावर मी पुस्तक लिहिलं, विद्यापीठात त्याच्यावर तास घेतले, आणि आता त्याच्या एका चित्रपटाला मराठी निवेदन देण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. आजच्या मुलांना पडद्यावर काय चाललंय ते कळावं, म्हणून चित्रपटभर माझा आवाज हवा, असं विद्यापीठातल्या आमच्या विभागाचं म्हणणं. संहिता तयार आहे. ती वाचावी की नाही, हे तुम्हालाच विचारायला हवं होतं. हा माणूस मला तुम्ही दाखवलात.

पाचोडचा बाजाराचा दिवस आठवतो. गणित शिकवणारे तुम्ही, सुट्टीच्या दिवशी प्रोजेक्टर घेऊन गावोगाव जायचात. शाळेच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केलेला. मधूनमधून येणाऱ्या इंग्रजी पाट्या पडद्याशेजारी उभं राहून मराठीत वाचायच्या, एवढंच माझं काम. पण मी नुकताच कॉलेजात गेलेलो; एवढ्यावर माझं समाधान होईना. हा दुसऱ्याच्या शिडीवर चढलाय, आता शिडीचा मालक येईल, शिडी काढून घेईल, मग हा दुकानाच्या पाटीला लोंबकळेल आणि तशाही अवस्थेत टोपी काढून मालकालाच नमस्कार करेल, त्यातच खरा विनोद आहे, असं मी आधीच सांगत सुटलो. भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन माणसं मुकाट ऐकत राहिली. कुणी हसलं नाही.

रीळ संपल्यावर तुम्ही जवळ येऊन हळूच म्हणालात, "सगळं तूच सांगितलंस, तर त्यानं काय करायचं?" आणि तेच रीळ गुंडाळून पुन्हा लावलंत. मी गप्प. शिडीचा मालक पडद्यावर येतो आणि पुढं बसलेली एक बाई न राहवून म्हणते, "आरं बाबा, खाली बघ की, शिडी चालली."

"त्याला नाय ऐकू येत, मावशी," मागून कुणीतरी.

"मग तू जाऊन सांग."

खोली हसायला लागली. त्यानं टोपी काढली तेव्हा प्रोजेक्टरची घरघरही ऐकू येईना.

परतीच्या एसटीत तुम्ही मला त्याचं आयुष्य सांगितलंत: फिरत्या नाटक कंपनीतलं बालपण, प्रत्येक पडणं-आपटणं बदली माणूस न घेता स्वतःच करणं, मग बोलपट आले आणि दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं त्याच्या तोंडी घालण्यात आली. तो बोलत नसे, तेव्हा बोलायची जागा बघणाऱ्यांना मोकळी असे. ती भरली गेली आणि तो कोपऱ्यातल्या किरकोळ भूमिकांत विरून गेला. तुमचं हे विवेचन माझ्या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण होऊन बसलं आहे. ते मी उत्तम शिकवतो.

काल क्रांती चौकाजवळच्या स्टुडिओत मायक्रोफोनसमोर बसलो. समोर चित्रपट सुरू होता, हातात कागद होते. शिडीचा प्रसंग आला. काचेपलीकडून ध्वनिमुद्रकानं विचारलं, "सर, आवाजच नाय येत. बोलताय ना?" मला बोलता येत नव्हतं, मी हसत होतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अगदी एकटाच.

आज विभागाला कळवलं की त्याचं चरित्र मी चित्रपट संपल्यावर सांगेन. चित्रपट चालू असताना निवेदन नसेल. ते नाराज आहेत. त्यांना मी कलेच्या तत्त्वांचं कारण दिलं. खरं कारण मात्र कुठंच पाठवता येणार नाही अशा या पत्रातच लिहितो: मी समजावून सांगितलं नाही, तरीही तो हसवू शकेल, याची इतकी वर्षं मला खात्रीच नव्हती.