एकाच वयाचे, पण जास्त लाल

सुभानपुरा, शुक्रवार संध्याकाळ

माझ्या रूममेटने, हेतलने, आज सेमिनारमध्ये माझा मुद्दा स्वतःचा म्हणून मांडला. दोन तारकागुच्छ, दोन्हींतले तारे सारखेच म्हातारे. एकातले जास्त लाल दिसतात, कारण त्यांच्यात लोखंडासारखी मूलद्रव्यं जास्त आहेत. वयाचा संबंध नाही. हे मीच तिला आमच्या स्वयंपाकघरात, पोहे परतताना समजावलं होतं. तेव्हा म्हणाली होती, "जवा दे ने, सोड ना, कोण मानणार?"

आज सरांनी मानलं. "मला सुचलं," म्हणाली. मला! "आम्हाला" म्हणाली असती तरी चाललं असतं.

बाहेर विचारलं, तर हसून म्हणते, "अगं, आपण दोघी एकच ना!"

मी रोज तिच्याच स्कूटरवरून घरी येते. आज रिक्षा केली. तिने मागून हाक मारली आणि मला वळून बघावंसं वाटलं. त्याचाच जास्त राग येतोय.