आईचा साचा

आंग मो किओ, सिंगापूर,
१२ मार्च २०१६

चि. वृषालीस दादाचा आशीर्वाद.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. रिकामं बसवत नाही, म्हणून रविवारीही कामावर जातो. तू जेवतेस ना?

आपली वृषाली लष्कराच्या स्कॉलरशिपवर दातांची डॉक्टर होतेय, हे मी इथं सगळ्यांना सांगतो.

परीक्षेला पेशंट मिळेना, म्हणून तू आईचीच कवळी करायला घेतलीस. "दात बसू देत, मग भानूला व्हिडिओवर हसून दाखवते," आई म्हणायची. कवळी व्हायच्या आधीच गेली. मला सुट्टी मिळाली नाही.

तिच्या हिरड्यांचा प्लास्टरचा साचा कॉलेजात असेल ना? परीक्षेनंतर साचे फेकतात, असं तूच म्हणाली होतीस. तेवढा फेकू देऊ नकोस. मी आलो की हातात घेईन.

तुझा
भानूदादा