तू देवाला सांगितलंस, मला नाही

आई, आज मी तुझा देव वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. तोच, फळीवरचा पितळेचा बाळकृष्ण. इथे नेरूळला सोसायटीच्या मागच्या पिंपळाखाली लोक जुने देव, फुटक्या तसबिरी ठेवून येतात. तिथे नेऊन ठेवणार आहे. रागावू नकोस. नाहीतर रागाव, तू गेल्यावर आता कुठे तुझा धाक!

शाळेत पर्यवेक्षिकेची जागा माझी होती गं. बावीस वर्षं शिकवतेय मी. मिळाली कोणाला, तर माझ्यामागून आठ वर्षांनी आलेल्या बाईला, चेअरमनची भाची म्हणून. वर तिच्या सत्काराचं भाषणही मीच करायचं! केलं, हसून केलं, आणि आतून नुसता जळफळाट. स्टाफरूममध्ये सगळ्या म्हणतात, "टेन्शन नका घेऊ मॅडम, देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असेल." तुझंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

तू ते म्हणालीस तो दिवस मला लख्ख आठवतो. शिरवण्याजवळच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तू पोळ्या लाटायचीस. तेलाचा डबा गेला, आळ तुझ्यावर आला आणि भर दुपारी तुला घरी पाठवलं. डबा कोणी नेला ते पुढे सगळ्यांना कळलं, पण तुला परत बोलवायला कोणी आलं नाही. मी चौदा वर्षांची. तू पिठाच्या हातांनी दारात उभी. मी म्हटलं, "जा ना, भांड ना त्यांच्याशी!" तू म्हणालीस, "त्याच्या मनात कायतरी असंल. तू गप अभ्यास कर." आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलंस. मी फटीतून बघतेय. तू देवापुढे बसलीयस, तोंडात पदर कोंबून रडतेयस, मधेच त्याला काहीतरी सांगतेयस, बराच वेळ. मी आत आले तर म्हणालीस, "कांदा चिरत हुते." कांदा कुठे होता गं?

तेव्हापासून मला त्याचा हेवा वाटतो. लोकांना शेजाऱ्यांचा वाटतो, मला देवाचा! मला तू भरवलंस, शिकवलंस, उलट बोलले म्हणून लाटण्याने बडवलंसही. पण दुःख सांगितलंस ते त्याला. आणि खरं तर तुझाही हेवा वाटतो. सगळं त्याच्यावर सोपवून तू दुसऱ्या दिवशी पदर खोचून नवं काम शोधायला निघालीस. मला नाही जमत ते. मला त्या बाईच्या टेबलावरचा पुष्पगुच्छ दिसत राहतो.

तासभर झाला, चप्पल घालून बसलेय, पण पाय निघत नाही. भक्तीबिक्ती काही नाही हं, उगाच खूश होऊ नकोस. त्या दुपारी तू काय बोललीस ते त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. त्याला टाकून आले तर विचारू कोणाला?

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगून टाकते. सकाळी देव गुंडाळता गुंडाळता मी त्याला शाळेचं सगळं सांगितलं. हमसून रडले. तुझ्याआधी त्याला सांगितलं, आई. वाटू दे आता तुलाही हेवा.