बाईंचा उजवा पाय

५ फेब्रुवारी, सोमवार

नवी! नवीच घ्यायची. शोरूमच्या गाडीतून चक्कर मारून आले. काय गाडी आहे! एका वळणावर मी भलत्याच जोरात शिरले, तर तिनं मुकाट्यानं सांभाळून घेतलं, कुणाला कळूसुद्धा दिलं नाही. शेजारी नवरोबांचा ‘वॉरंटी, वॉरंटी’ असा जप चाललेला.

सासूबाई म्हणाल्या, “दोनच सीटा? मग मी कुठे बसायचं?” म्हटलं, आई, ही बाजारात न्यायची गाडी नाही. बंद ट्रॅकवर पळवायची. शर्यत नाही, आपली आपण, जमेल तितकी जोरात. घरच्या गाडीचे ब्रेक आता तिथे धूर सोडायला लागलेत. “म्हणजे गोल फिरून परत तिथेच यायचं?” हो! अगदी तेच!

८ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर लोकांच्या दाढा. एका पेशंटच्या तोंडात आरसा धरून मी मनात गिअर बदलत होते. वाईट सवय.

संध्याकाळी जाहिरातीतली एक जुनी गाडी बघितली. मालकीणबाई सत्तरीला टेकलेल्या! जन्मभर मुलांना पोहायला शिकवलं आणि दर रविवारी ट्रॅक. गाडी लाल – म्हणजे कधीकाळी लाल. गिअरच्या दांड्यावरचे आकडे झिजून गेलेत. एसी नाही, रेडिओ नाही, चुकलं तर सांभाळून घेणारं काही म्हणजे काहीच नाही. मुलगा फाटकातच म्हणाला, “आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. आता पुरे म्हटलं.” बाई नुसत्या बॉनेटवरची धूळ हाताने पुसत राहिल्या.

मग मला म्हणाल्या, “रस्त्यावर चालवून काय कळणार? रविवारी ट्रॅकवर ये. मी शेजारी बसते.” एकदम एकेरीवर! आवडलं मला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

नवरोबा – “आधीच्या माणसाने काय काय करून ठेवलं असेल, देव जाणे.” यांचं बरोबर असतं तेव्हा जास्तच राग येतो. शोरूमवाला मंगळवारपर्यंत थांबणार आहे. घेणार एकदाच, पुन्हा असा धीर व्हायचा नाही. आणि मला नुसती पळवायची नाहीये, नीट चालवता यायला हवी. चाळिशी उलटल्यावर तरी!

११ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहून ठेवते.

पहिल्या फेरीत बाई शेजारी. डोक्यावर हेल्मेट, हात मांडीवर. पण प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता. शेजारी बसलेले सगळेच नसलेला ब्रेक दाबतात – नवरोबा तर दोन्ही पायांनी! पण ते घाबरून, माझ्या आधी. बाईंचा पाय माझ्यानंतर पडत होता. मी ब्रेक मारून मोकळी, गाडी रडतखडत वळायला लागलेली, आणि मग खालच्या पत्र्यावर त्यांचा पाय – ठप्प! म्हणजे बाई घाबरत नव्हत्या. गाडी चालवत होत्या!

मग मी लबाडी केली. पुढच्या फेरीला ठरवलं, त्यांचा पाय पडला की माझा. जीव नुसता टांगणीला! वळण अंगावर येतंय आणि बाईंचा पाय हलायला तयार नाही. शेवटी पडला. माझाही पडला. आणि गाडी अशी वळली, अशी वळली की मी ओरडलेच! उभ्या जन्मात असं वळण घेतलं नव्हतं मी.

उतरल्यावर विचारलं, तुम्ही का सोडलंत? डॉक्टर नको म्हणाले?

“डॉक्टर केव्हाच हो म्हणालेत. मीच भिते. ऐन वेळी हा पाय उठला नाही तर?”

हा म्हणजे उजवाच! मी सगळं सांगून टाकलं – शेवटच्या फेऱ्या मी त्यांच्याच पायाने मारल्या, आणि तो एकदाही चुकला नाही म्हणून. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग “चहा घेऊ” म्हणाल्या, आणि चहा गार होईपर्यंत टेबलाखाली उजवा पाय उचलत-टेकवत बसल्या.

काय बाई आहे! खरं तर मला त्यांच्यासारखं चालवणंच हवंय. पण विकाऊ आहे ती गाडी. तर तीच घेते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

नवरोबांना सांगितलं, जुनी. “बरं,” म्हणाले. एवढंच? “काल घरी आलीस तेव्हा तुझा चेहरा बघितला मी.” कधीकधी हा माणूस फारच शहाण्यासारखा वागतो. उद्या बाईंना फोन.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंचाच फोन आला. “गाडी विकत नाही गं. मुलगा फुगून बसलाय, बसू दे. सकाळी एकटी जाऊन आले. पाय उठतो!”

माझी गाडी मी माझ्याच तोंडाने घालवली. फोन ठेवून रडले – आणि इतका आनंद कधी झाला नव्हता. मग शोरूमला फोन लावला. नवी द्या, म्हटलं, आणि रविवारच्या आत द्या. बाई पुढे निघून गेल्या तर मी शिकणार कुणाच्या मागून?