पर्सिमनच्या झाडामागून

तीर्थरूप दादास, हात्सुनोचा, कमरेतून जेवढं वाकवतं तेवढं वाकून नमस्कार.

तुझा खोकला कसा आहे? वहिनीने पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं. (खारट होतं, पण तिला सांगू नकोस.) इकडे छपरावर हातभर बर्फ साचलाय आणि गावात इतकी शांतता आहे, की दुपारी बसल्या जागी डोळा लागतो आणि जागी झाले तरी झोपेतच असल्यासारखं वाटतं. मी वीस तारखेला तुझ्याकडे कायमची राहायला येणार होते. आज बावीस. तू दोन दिवस स्टेशनवर खेपा घातल्या असशील तर क्षमा कर. सगळा दोष तुझ्या लेकीचा आहे.

चिहाया नववर्षाला इथे आली ती प्रयोगशाळेतली एक फिल्म घेऊन. तुलाही दाखवली असेल, पण तू तेव्हा घोरत असशील. पडद्यावर काळोख, काळोखात एक इवलं रोप. एक अळी त्याचं पान कुरतडते आणि दादा, त्या जखमेतून उजेड निघतो! पानाच्या शिरेतून देठात, देठातून खोडात आणि तिथून पार पलीकडच्या पानात, ज्याला कुणी बोटही लावलेलं नाही. मिनिट-दोन मिनिटांत दूरच्या पानांना बातमी पोचते आणि ती अळीच्या तोंडाची चव बिघडवायच्या तयारीला लागतात. (उजेड आपल्याला दिसावा म्हणून प्रयोगशाळेने केलेली सोय आहे. निरोप मात्र झाडाचा स्वतःचा.) मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरी कळतं. मी कोतात्सुच्या उबदार मेजाखाली, पांघरुणात पाय घालून बसले होते. तो उजेड हळूहळू चढताना पाहून मला उगाच भरून आलं. आपल्या घरी तर एकाच छताखाली कुणाचं कुणाला कळत नाही.

आता तुला माहीत आहेच मी का निघाले होते. नोव्हेंबरात आमच्या पर्सिमनला जेमतेम सात फळं लागली, तीही शेंड्याला. ती काढायला मी शिडीवर चढले आणि पडले. आमचे हे धावत आले, वाकले आणि शिडी उचलून तिच्या पायऱ्या तपासायला लागले. "मोडली नाही," म्हणाले आणि घरात गेले. बस्स. एक्केचाळीस वर्षांच्या संसाराचा हिशेब माझ्या मनात त्या क्षणी झाला. कंबर दुखत होती, पण ते मी बोलले नाही. बोलायचं कुणाशी? निवृत्त झाल्यापासून यांचे दिवसाचे शब्द तीन: चहा, आंघोळ, झोपतो.

तर हेच गेन्साकुराव ती फिल्म पाहून बिघडले. "पुन्हा लाव गं पोरी," असं करत अकरा वेळा पाहिली. दुसऱ्या दिवशी मी सुपासाठी कांद्याची पात चिरायला घेतली तर हे उठून ओसरीत गेले. रात्री झोपेत म्हणाले, "पोचलं, पोचलं." मी म्हटलं, आता यांना शहरातल्या डॉक्टरकडे न्यायचं की मी एकटीनेच निघायचं?

पण पंधरा तारीख उरकल्याशिवाय निघता येत नव्हतं. तू शहरात राहून विसरला असशील, म्हणून सांगते. त्या दिवशी घरधन्याने कुऱ्हाड घेऊन झाडासमोर उभं राहायचं आणि दरडावायचं, "देणार की नाही? नाही दिलंस तर तोडीन!" दुसऱ्याने झाडामागे लपून झाडाच्या वतीने गयावया करायची, "देईन, देईन!" मग सालीवर एक घाव घालायचा, त्यात लाल चवळीची पेज भरायची, की पुढच्या हंगामात फळंच फळं. (चिहाया म्हणते, यात थोडं तथ्य असेलही. साल कापली की पानांनी केलेली साखर खाली न जाता वरच अडते.) एवढी वर्षं झाड म्हणून मीच बोलत आले. लग्नात मला काय विचारलं होतं ते आठवत नाही, पण हे वाक्य पाठ आहे.

मी बर्फात झाडामागे उभी राहिले, हातात पेजेचा वाडगा. पुढून आवाजच येईना. डोकावून पाहिलं तर हे कुऱ्हाड खाली टेकवून उभे. एक हात खोडावर. आणि अगदी हळू म्हणाले, "दुखतं का गं?"

दादा, हे वाक्य त्यात नाही. माझ्या आजीच्या तोंडूनही कधी ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "दुखतं. नोव्हेंबरपासून दुखतं. शिडीला विचारलंत, मला नाही."

फांदीवरचा बर्फ धपकन पडला. मग हे वळसा घालून मागे आले, माझ्या हातातला वाडगा घेतला आणि विचारलं, "कुठे?" मी डावी कंबर दाखवली. यांनी चमचा पेजेत बुडवला, आणि क्षणभर मला खरंच वाटलं, हा माणूस आता माझ्या कमरेलाच पेज फासतोय. पण तो चमचा त्यांनी माझ्या तोंडाशी धरला. पेज गार झाली होती. मी खाल्ली.

झाडाला घाव घातलाच नाही. मी म्हटलं, आता फळं यायची नाहीत. म्हणाले, "नाही तर नाही." दुसऱ्या दिवशी बसने मला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरने मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यांनीच दिलं, तेही चुकीचं. हाडाला बारीक चीर होती, आता भरत आलीय. यांचे दिवसाचे शब्द सध्या पाच-सहावर गेलेत. वहिनीला नमस्कार, तुझ्या नातवंडांना पापा.

तुझी,
हात्सुनो

ता.क. मी आधी पाठवलेली पेटी तेवढी परत पाठव. माझे सगळे गरम कपडे त्यात आहेत. यांना मी सांगितलं होतं की दादाच्या नातवंडांसाठी जुने कपडे धाडतेय. यांनीच ती कुरिअरच्या दुकानापर्यंत ढकलगाडीवरून नेली, अवाक्षर न काढता.

ता.क. आणखी एक. पेटीचं कुलूप उघडत नाही म्हणून तू वैतागला असशील, पण फोडू नकोस. किल्ली मी पत्त्याच्या चिठ्ठीला बांधून दिली होती. आज थंडीपायी यांचा कोट अंगात घातला, तर आतल्या खिशात सापडली, सुतळीची गाठ नीट सोडवलेली.