चिठ्ठीतलं नाव

हितेश,

काल कशेळीत तीन हळदी होत्या. आमच्या बँडची सुपारी तुझ्या मांडवातली आहे, हे नवरा-नवरीच्या नावांची चिठ्ठी हातात आली तेव्हा कळलं.

आधी तू लिहिलेलं गाणं घेतलं, जन्मभराच्या सोबतीचं. त्यात नवरीच्या नावाची जागा मोकळी असते. कामतघरला सराव करायचो तेव्हा तिथे तू मला माझंच नाव घ्यायला लावायचास. काल चिठ्ठीत हर्षाली होतं आणि तोंडातून करिष्मा गेलं. बायका हसल्या. तुझी आई जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाय, चिठ्ठी बघून गा."

मग बायकांनी माझं गाणं मागितलं, 'मना बांधू नको, मी कुनाची न्हाय.' 'मला बांधू नको' म्हणणारी ही ओळ काढून टाक, नाहीतर आपल्या लग्नाचं विसर, असं तू म्हणाला होतास. मी ओळ ठेवली. काल त्याच ओळीवर तू हळदीच्या अंगाने नाचलास, आईसुद्धा नाचली. तुमच्यासाठी ते नुसतं गाणं होतं. मी त्याच्यावर आयुष्य लावलं.

तुझ्या घरात आले असते तर गाणं सुटलं असतं, हे आजही खरं आहे. पण काल त्या ओळीला माझा आवाजच फुटला नाही. बायकांनीच ती म्हटली.

आज तुझं लग्न लागेल, म्हणून हे पत्र पाठवत नाही. काल घरी येऊन मीच कुलूप काढलं. एवढा वेळ कुठे होतीस, असं विचारणारं कुणी नव्हतं. तेच तर मी मागितलं होतं.

चिठ्ठीत नसलेली,
करिष्मा