पाठीमागचा उजवा स्पीकर

२ फेब्रु., सोमवार
छतावरचे स्पीकर लागले एकदाचे. समोर, बाजूला, मागे, डोक्यावर. मधल्या खुर्चीत बसलं की पंगतीत चारी बाजूंनी वाढपी धावून यावेत तसं होतं. सगळं मुक्ताने जमवलं. पुण्याहून साउंडचा कोर्स करून आली तेव्हा मीच म्हणत होतो, आपल्या भजन-जाहिरातींच्या स्टुडिओत ही लेक काय करणार. तिनेच सराउंडचा हट्ट धरला.
नीलाने स्पीकरना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. हार घातले ते मु. ने लगेच काढायला लावले, जाळीपुढे काही नको म्हणे. मायलेकींची थोडी जुंपली.
अख्ख्या गंगापूर रोडवर अशी खोली नाही. आज छाती फुगली होती, लिहून ठेवतो.

४ फेब्रु.
लेव्हल लावणं चाललंय. मु. खुर्चीच्या जागी मापाचा माइक ठेवते, एकेका स्पीकरमधून खरखर सोडते आणि सगळे सारखे करते. पाठीमागचा उजवा मला बारीक वाटला. वाढव म्हटलं. ती म्हणे माइक सारखाच दाखवतोय. म्हटलं, माइक परवा आलाय, कान जन्मापासून माझ्याकडे आहेत. वाढवला तिने. तोंड एवढंसं करून.

६ फेब्रु.
तरी बारीकच. दुकानदाराला फोनवर झापलं, खराब माल गळ्यात मारता म्हणून. बिचारा माफी मागत होता. बदलून देतोय.

९ फेब्रु.
दुसरा आला. तोही तसलाच. मु. वाद घालत नाही आता. सांगेन तेवढा वाढवते.

११ फेब्रु., बुधवार
अन्सारीभाई आले मालेगावहून. त्यांची फिल्म म्हणजे नव्या खोलीतलं पहिलं काम. यंत्रमागाच्या शेडचा सीन लावला. चहूकडून लूम धडधडतायत, आणि पाठीमागचा उजवा लूम बंद पडतो. त्यावरूनच बाईला कळतं की नवरा जागेवर नाही. सगळी फिल्म त्या थांबण्यावर.
भाई थोडं ऐकून म्हणाले, "ये पीछेवाला तो कान में घुस रहा है, मुक्ता बेटी."
मु. ने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी वाढवायला लावला, एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. तेवढंही म्हणाली नाही. मीच म्हणालो, "तिचे कान अजून कच्चे आहेत, भाई. मी बघतो."
लेव्हल माझी. खापर तिच्यावर, तेही परक्या माणसासमोर.
रात्री जेवायला आली नाही. डोकं दुखतंय म्हणे.

१२ फेब्रु.
सकाळी ती यायच्या आत एकटाच गेलो. खरखर लावली. खुर्ची वळवली, तोंड मागच्या भिंतीकडे, म्हणजे तो स्पीकर डाव्या कानाकडे आला. कर्कश! आणि समोरचा डावा, जो रोज खणखणीत असतो, तो आता उजव्या कानाकडे जाऊन बारीक झाला. पुन्हा वळलो. पुन्हा उलटा. खोलीभर गोल गोल फिरत बसलो वेड्यासारखा.
स्पीकर ठणठणीत आहे. दुकानदाराने परत नेला तोही ठणठणीत असणार.
ढोल. एवढी वर्षं नाशिक ढोलाची पथकं रेकॉर्ड केली. हेडफोन डाव्या कानावर, उजवा उघडा, आणि उघड्या कानाशी ढोल, म्हणजे ताल सुटत नाही. वाजवणारी पोरं कानात कापूस घालायची. मी त्यांना हसायचो.
मु. आली तेव्हा उगाच वायरी तपासत बसलो. काय झालं बाबा, विचारलं तिने. काही नाही म्हटलं.

१४ फेब्रु.
नीलाला सांगायचंच असं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. तीच आधी बोलली, "काय बोललात हो पोरीला? कानाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणतेय. हेडफोन लावून लावून कान गेले म्हणते माझे."
पोळी पुढ्यात होती. खाल्ली.
मी बोललेलं तिने खरं धरलं. माइकवरचा नाही, यंत्रावरचा नाही, स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला तिचा. आणि मी पोळी खाल्ली.

१६ फेब्रु., सोमवार
गेलो तिच्याबरोबर. "बाबा, चला ना, भीती वाटतेय," म्हणाली, शाळेत असताना म्हणायची तशी.
बंद केबिनमध्ये बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून तिचा अंगठा दिसत होता. तेवढ्यात मनात आलं, हिच्या कानात थोडंसं काही निघावं. अगदी थोडंसं. म्हणजे माझं झाकलं जाईल.
हे खोडणार नाही. आलं होतं मनात. स्वतःच्या लेकीबद्दल. लाज या शब्दात मावत नाही ते.
काही निघालं नाही. उत्तम कान. तपासणाऱ्या बाई मला म्हणाल्या, काका, तुम्हीही याच लाइनमधले ना, बसा लगे हाथ. म्हटलं, आज घाई आहे.
येताना स्कूटरवर मागे बसून गाणं गुणगुणत होती. सिग्नलला थांबलो तशी पुढे वाकली. मग म्हणाली, "मग तो स्पीकर एवढा का वाढवायला लावलात बाबा?"
गर्दीत ऐकू आलं नाही असं दाखवलं. आलं होतं.

१८ फेब्रु.
भाई आले. मु. ने मला न विचारता तो स्पीकर मापाच्या माइकप्रमाणे खाली आणून ठेवला होता. सीन लावला. भाई डोळे मिटून ऐकत होते. एकदम म्हणाले, "बस. यही चाहिए था."
मला लूम थांबल्याचं कळलंच नव्हतं. पडद्यावरच्या बाईने मान वळवली तेव्हा कळलं.
"आप बोलो उस्ताद, ठीक है?"
मु. माझ्याकडेच बघत होती. सांगायला तोंड उघडलं. भाई, मला तो ऐकूच... एवढं मनात जुळलं होतं. बाहेर आलं ते वेगळंच. खुर्चीवरून उठलो आणि तिला म्हटलं, "तू बस इथे. ही फिल्म तूच मिक्स कर."
ती बसली. का, ते विचारलं नाही.
भाईंना भरून आलं. माझा हात धरून म्हणाले, "बेटी को अपनी कुर्सी दे दी. ऐसा बाप सबको मिले."
मी हात जोडले. ते कौतुकही घेतलं मी.
मु. ने पडद्यावरची नजर काढली नाही.